चेकरचा पासवर्ड मेकरकडे, आणि बाकीचे प्रश्न

मागच्या वेळी मी या सदरात सहज लिहून गेले की कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा विचार करायचा असेल तर आधी कागद-पेन्सिल घ्या आणि चित्र काढा. त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. काही प्रश्न लांबलचक होते, ते कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत सिस्टिम बघतो. सात शाखा, एक हेड ऑफिस आणि माणूस मी एकटाच, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच फोन. यंदा बाहेरच्यांकडून व्हीएपीटी (सिस्टिममधली भोकं शोधायची तपासणी) करून घेतली, त्यांनी १३७ मुद्द्यांची एक्सेल शीट हातात ठेवली, त्यात ४१ 'हाय', म्हणजे जास्त धोक्याचे. साहेब म्हणतात वरून सुरू कर आणि खाली ये. एक मित्र म्हणतो आधी अटॅक ट्री काढ. हे काय प्रकरण आहे, आणि याने माझं काम कमी होणार की वाढणार?

पहिले दोन दिवस वाढणार, मग कमी होईल. साहेबांना हे आधीच सांगून ठेवा.

अटॅक ट्री म्हणजे उलटं झाड, मूळ वर आणि पानं खाली. मुळाशी चोराला काय साधायचंय ते लिहायचं, मग त्याखाली ते साधायचे वेगवेगळे मार्ग, मग प्रत्येक मार्गाला काय काय लागतं ते, असं करत खाली जायचं, जोवर 'हे काम एक माणूस एका बसणीत करू शकतो' इतकं बारीक होत नाही तोवर. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी १९९९ च्या डिसेंबरात डॉ. डॉब्स जर्नल या प्रोग्रामर लोकांच्या मासिकात यावर लेख लिहिला आणि तेव्हापासून हे नाव सगळीकडे झालं. त्यांचं उदाहरण तिजोरीचं होतं : कुलूप उघडा, नाहीतर नंबर मिळवा, नाहीतर सरळ तिजोरी कापा. नंबर मिळवायचा तर तो कुठंतरी लिहून ठेवलेला शोधा किंवा ज्याला माहितीय त्याच्याकडून काढा, धमकावून, लाच देऊन, चोरून ऐकून. यात कॉम्प्युटर औषधालाही नाही, आणि म्हणूनच ते पटकन समजतं.

झाडाची सगळी गंमत दोन शब्दांत आहे, 'किंवा' आणि 'आणि'. 'किंवा' असेल तर चोर सगळ्यात स्वस्त फांदी निवडणार, 'आणि' असेल तर त्याला सगळं जमवावं लागणार. म्हणून खर्च काढताना 'किंवा'च्या जागी सगळ्यात छोटा आकडा घ्यायचा आणि 'आणि'च्या जागी बेरीज करायची. बस, एवढंच गणित.

आता तुमचं झाड काढू. मुळाशी लिहा : पतसंस्थेचे पैसे बाहेरच्या खात्यात जातात. खाली तीन फांद्या पाडू. एक, आतलाच माणूस फितूर. दोन, कुणीतरी आतल्यांचे लॉगिन चोरून व्यवहार टाकतं. तीन, कुणीतरी थेट सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये हात घालतं. दुसरी फांदी बघा. तुमच्याकडे मेकर-चेकर असणारच, एकानं एंट्री टाकायची, दुसऱ्यानं पास करायची. म्हणजे चोराला मेकरचा पासवर्ड 'आणि' चेकरचा पासवर्ड 'आणि' तुमच्या नेटवर्कमधलं एक मशीन, असं सगळं लागतं. कागदावर किती भक्कम. आता खरं सांगा, शाखाधिकारी वसुलीला बाहेर गेले की पासिंग कोण करतं? कॅशियरला साहेबांचा पासवर्ड माहीत असतो ना? मी आजवर ज्या छोट्या संस्थांत गेले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तो पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिकटवलेला नव्हता, लोक एवढे सुधारलेत, तो सरळ सगळ्यांना पाठ होता. म्हणजे तुमच्या झाडातला 'आणि' कुणाला न सांगता गळून पडला आणि तिथं एकच पान उरलं. समजा मेकरला फसवायला चोराला पाच हजारांची मेहनत आणि चेकरला वीस हजारांची (हे आकडे मी हवेतून घेतलेत, तुमचे तुम्ही टाका), तर तुम्ही धरून चाललाय पंचवीस हजार, आणि खरी किंमत आहे पाच. त्या १३७ मुद्द्यांमध्ये हा मुद्दा असणार नाही, कारण स्कॅनरला पासवर्ड पाठ असलेली माणसं दिसत नाहीत.

तिसरी फांदी. डेटाबेसपर्यंत जायला नेटवर्कमध्ये शिरकाव 'आणि' डेटाबेसचा पासवर्ड. शिरकाव कुठून, तर सॉफ्टवेअरवाल्याने सपोर्टसाठी टाकून ठेवलेलं रिमोटचं सॉफ्टवेअर, जे कायम चालूच असतं आणि ज्याचा पासवर्ड त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना बहुतेक एकच असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये हे कदाचित 'मिडियम' म्हणून साठाव्या ओळीत पडलं असेल. आणि 'हाय'वाल्या ४१ पैकी दहा-पंधरा असतील त्या कुठल्यातरी जुन्या मशीनवरच्या, जिथून पुढं कुठंच जाता येत नाही. ते हाय-मिडियम जिथून येतं तो सीव्हीएसएसचा (भोकांना मार्क द्यायच्या ठरलेल्या पद्धतीचा) शून्य ते दहा मार्कांचा बेस स्कोअर त्या एका भोकाची तीव्रता मोजतो, ते भोक तुमच्या घराच्या कुठल्या भिंतीला आहे हे त्याला ठाऊक नसतं. तेव्हा वरून खाली नका जाऊ. झाड काढा, १३७ मुद्दे त्यावर जिथं बसतात तिथं चिकटवा, जे कुठंच बसत नाहीत ते बाजूला ठेवा (फेकू नका, ऑडिटर पुढच्या वर्षी परत विचारणारच), आणि ज्या पानाशिवाय दोन-तीन फांद्या एकदम सुकतात ते आधी बंद करा. तुमच्या बाबतीत मी पैजेवर सांगते, ते रिमोट सॉफ्टवेअर आणि शाखाधिकाऱ्याचा पासवर्ड. दोन्हीला पैसे लागत नाहीत, फक्त साहेबांना दुखवावं लागतं.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला 'ग्राफिकल मॉडेल वापरून सिक्युरिटी अॅनालिसिस' घेतलंय. पण अटॅक ट्री, अटॅक ग्राफ, बायेशियन नेटवर्क यात माझा पार गोंधळ झालाय, गाईड म्हणतात तिन्ही टाक. काय करू?

गाईडना नमस्कार सांग आणि तिन्ही टाकू नकोस.

थोडी वंशावळ सांगते म्हणजे गोंधळ सुटेल. सगळ्यांची आजी म्हणजे फॉल्ट ट्री, १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये मिनटमन क्षेपणास्त्राच्या लाँच सिस्टिमसाठी काढलेली, की नको तेव्हा क्षेपणास्त्र सुटायचं असेल तर काय काय बिघडावं लागेल. तेच 'आणि', तेच 'किंवा'. फरक एवढाच की व्हॉल्व्ह बिघडतो तेव्हा तो विचार करून बिघडत नाही, आणि चोर विचार करतो. अटॅक ट्री ही तिची नात. ती माणूस काढतो, हाताने, डोकं खाजवत, त्यामुळे त्यात लाचबिच सगळं मावतं, पण काढणाऱ्याला जे सुचलं नाही ते त्यात नसतंच.

अटॅक ग्राफ मशीन काढतं. अमेरिकेतल्या सँडिया लॅबमधल्या फिलिप्स आणि स्वायलर यांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली, की नेटवर्कची माहिती आणि माहीत असलेले हल्ले दिले की हल्लेखोर कुठून कुठं पोचू शकतो त्याचा ग्राफ, म्हणजे गोल आणि बाणांचं चित्र, तयार व्हावा. मग २००२ मध्ये कार्नेगी मेलनच्या शेनर, विंग वगैरे मंडळींनी मॉडेल चेकर (सिस्टिमच्या सगळ्या शक्य स्थिती तपासणारं सॉफ्टवेअर) वापरून तो आपोआप काढून दाखवला. काम सुंदर होतं, पण एक मोठी अडचण निघाली. त्यांच्या ग्राफमधला एकेक नोड (गोल) म्हणजे अख्ख्या नेटवर्कची एक स्थिती, म्हणजे कुठल्या मशीनवर चोराकडे कुठले अधिकार आहेत त्याचा फोटो, आणि असे फोटो भराभर वाढतात. त्यांनी उदाहरण जरा मोठं केलं, फक्त ५ मशीन आणि ८ प्रकारचे हल्ले, तर ५,९४८ नोड आणि ६८,३६४ बाण झाले. तुझ्या कॉलेजच्या एका लॅबमध्ये साठ पीसी आहेत, विचार कर.

यातून वाट निघाली ती एका साध्या गृहीतकाने : चोराला एकदा मिळालेला अधिकार त्याच्या हातून परत जात नाही. तसं धरलं की सगळ्या नेटवर्कचे फोटो साठवायची गरजच उरत नाही, 'चोर वेबसर्व्हरवर कोड चालवू शकतो' ही एक गोष्ट ग्राफमध्ये एकदाच लिहायची आणि ती कशाकशामुळे खरी ठरते तेवढे बाण काढायचे. २००५ मध्ये प्रिन्स्टनला बनलेलं मलव्हाल नावाचं टूल असंच चालतं, डेटालॉग नावाच्या भाषेत नियम लिहायचे, 'या मशीनवर हा बग आहे' आणि 'इंटरनेटवरून या पोर्टपर्यंत पोचता येतं' हे दोन्ही खरं असेल तर तिसरं खरं, आणि बाकीचं इंजिन करतं. मोफत आहे. इन्स्टॉल करताना रडशील, पण होतं.

बायेशियन नेटवर्क हे वेगळ्याच घराण्यातलं, संगणकशास्त्रज्ञ ज्युडिया पर्ल यांचं, १९८५ च्या सुमाराचं. त्यात प्रत्येक नोडपाशी शक्यता लिहिलेल्या असतात, त्याच्याकडे बाण जिथून येतात त्यावर अवलंबून. आणि तुम्हा मुलांची इथं हटकून चूक होते. पहिली, दोन स्वतंत्र वाटा आहेत, एकीची शक्यता ०.५ आणि दुसरीची ०.४, तर तुम्ही ०.९ लिहून मोकळे. अरे, दोन्ही वाटा एकाच वेळी जमू शकतात ना. दोन्ही फसण्याची शक्यता ०.५ गुणिले ०.६ म्हणजे ०.३, म्हणून एक तरी जमण्याची ०.७. दुसरी चूक जास्त घातक. दोन सर्व्हर, प्रत्येक पडण्याची शक्यता ०.३, चोराला दोन्ही हवेत, तुम्ही गुणाकार करून ०.०९ लिहिता आणि बॉसला सांगता काळजी नको. पण दोन्ही सर्व्हरचा अॅडमिन पासवर्ड एकच असेल तर एक पडला की दुसरा पडलाच, आणि खरा आकडा ०.३ च राहतो. 'सगळं एकमेकांपासून स्वतंत्र आहे' हे वाक्य रिपोर्टमध्ये कुठंही दिसलं की तिथं लाल पेन चालव. बायेशियन नेटवर्कचा खरा फायदाच हा आहे की तो समान पासवर्ड तुला वेगळा नोड म्हणून काढता येतो, दोन्ही सर्व्हरकडे त्यातून बाण जातात.

आणि दुसरा फायदा म्हणजे उलटं विचारता येतं. रात्री अडीच वाजता डेटाबेसवर एक अलार्म वाजला, तर मेलसर्व्हर आधीच पडलेला असण्याची शक्यता आता किती झाली? झाडाला हा प्रश्न विचारता येत नाही. मात्र एक लक्षात ठेव, बायेशियन नेटवर्कमध्ये गोल फिरून परत त्याच नोडवर येता येत नाही आणि खऱ्या नेटवर्कमध्ये चोर अ वरून ब वर आणि ब वरून अ वर खुशाल जातो, तेव्हा ती चक्रं आधी तोडावी लागतात. नुसतं हेच नीट केलंस तरी प्रोजेक्ट होतो. माझं म्हणणं, कॉलेजचं छोटं खोटं नेटवर्क बनव, पाच-सहा व्हर्च्युअल मशीन, मलव्हालने ग्राफ काढ, त्यावर शक्यता बसव आणि मग त्या शक्यता थोड्या इकडेतिकडे हलवून बघ की 'आधी काय दुरुस्त करायचं' हा क्रम बदलतो का. कारण ते ०.३ आणि ०.४ आणतो कुठून आपण? अंदाजानेच ना. आकडे हलवूनही क्रम तोच राहिला तर तुझ्या उत्तरात दम आहे, हे परीक्षकाला सांग.

प्रश्न : कॉसमॉस बँकेवरचा सायबर दरोडा आठवतो. तो अशा चित्रात बसतो का, की हे सगळं नंतरचं शहाणपण?
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

नंतरचं शहाणपण आहेच, साहेब. पण चित्र काढून बघण्यासारखं आहे.

११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँका बंद. त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांनी सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी निघाले, भारतात २,८०० व्यवहारांत अडीच कोटी, आणि सोमवारी १३ तारखेला स्विफ्टवरून (बँका परदेशी पैसे पाठवायला वापरतात ते जाळं) १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. ९४ कोटींच्या वर. एटीएमची फांदी बघितली तर तिथं सगळे 'आणि'च 'आणि' आहेत : कार्डांचा डेटा हवा, आणि क्लोन कार्डं बनवायला हवीत, आणि ती हातात घेऊन एटीएमसमोर उभी राहणारी माणसं हवीत, अनेक देशांत, एकाच वेळी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'या खात्यात पैसे आहेत का' हा प्रश्न बँकेच्या कोअर बँकिंगपर्यंत, म्हणजे खात्यांचा हिशोब ठेवणाऱ्या मुख्य सिस्टिमपर्यंत, पोचताच कामा नये. त्यासाठी मधे बनावट प्रॉक्सी स्विच (एटीएमचा प्रश्न बँकेपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेची नक्कल) बसवून 'हो, द्या पैसे' हे उत्तर तिथूनच दिलं गेलं, असं तेव्हा बाहेर आलं. एवढे सगळे 'आणि' असलेली फांदी आपण कागदावर काढली असती तर म्हणालो असतो, छे, कोण एवढं करेल. पैसा मोठा असला की करतात. चोराचा खर्च काढताना त्याला मिळणारी रक्कम शेजारी लिहायची असते ती यासाठी.

दुसरं म्हणजे 'आणि' जास्त असले की बचाव करणाऱ्याला कात्री लावायला जागा जास्त. एका बँकेच्या कार्डांवर काही तासांत इतक्या देशांतून पैसे निघतायत, ही गोष्ट स्विचच्या बाहेर कुणीतरी मोजत असतं तर एक 'आणि' तुटला असता. पुण्याच्या कोर्टाने २०२३ मध्ये या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली, ती बहुतेक झाडाच्या अगदी खालच्या पानांवरची माणसं, कार्ड घेऊन एटीएमसमोर उभी राहिलेली.

प्रश्न : आमच्या कंपनीत सिक्युरिटीवाल्यांनी ब्लडहाउंड चालवलं आणि नंतर आठवडाभर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एवढं काय असतं त्यात?

हा हा. असतंच तसं. २०१६ मध्ये आलेलं टूल आहे, विंडोजच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीमधून (ऑफिसातली खाती, मशीन आणि अधिकार यांची नोंदवही) माहिती गोळा करून ग्राफ बनवतं, कोण कुठल्या ग्रुपमध्ये, कुणाला कुठल्या मशीनवर अॅडमिनचे अधिकार, आत्ता कोण कुठं लॉगिन आहे. मग विचारायचं, या रिसेप्शनच्या पीसीवरून डोमेन अॅडमिनपर्यंत, म्हणजे ज्याच्या हातात सगळं नेटवर्क त्या खात्यापर्यंत, सगळ्यात जवळचा रस्ता दाखव. आणि तो निघतो चार पावलांचा, कारण रिसेप्शनवाली हेल्पडेस्कच्या ग्रुपमध्ये कधीतरी टाकली गेली, हेल्पडेस्कला सगळ्या पीसींवर अधिकार, त्यातल्या एका पीसीवर अॅडमिन सकाळी लॉगिन करून चहाला गेलाय. यात बग एकही नाही, सगळं पॅच केलेलं असलं तरी रस्ता आहे तो आहेच. मायक्रोसॉफ्टच्या जॉन लॅम्बर्ट यांनी २०१५ मध्ये म्हटलं होतं की बचाव करणारे याद्यांमध्ये विचार करतात आणि हल्ला करणारे ग्राफमध्ये, आणि हे असंच चालू राहील तोवर हल्ला करणारेच जिंकतील. तुमच्या ऑफिसात अबोला झाला तो यामुळे की यादीत मशीनचं नाव येतं आणि ग्राफमध्ये माणसाचं.

चोरही हेच टूल वापरतात, म्हणून तुमच्याकडे ते तुमच्याच माणसांनी आधी चालवलं हे बरंच झालं.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक, रत्नागिरी. मुलगी न्यू जर्सीला. माझ्याकडे एक मोबाइल, एक ईमेल, दोन बँकखाती, एवढंच. मला या चित्राचा काही उपयोग?

सर, सगळ्यात जास्त उपयोग तुम्हालाच, आणि दहा मिनिटांचं काम आहे. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करा. तुमची प्रत्येक गोष्ट एका गोलात लिहा : मोबाइलचा नंबर, ईमेल, बँक एक, बँक दोन, व्हॉट्सअॅप, फोटो. आता प्रत्येक गोलाला विचारा, 'पासवर्ड विसरलो तर तू मला कशावरून आत घेशील?' आणि तिथून बाण काढा. बँक म्हणते ओटीपी, म्हणजे मोबाइलवरून बँकेकडे बाण. ईमेल म्हणते ओटीपी, परत मोबाइलवरूनच. फोटो म्हणतात ईमेलवर लिंक पाठवतो. व्हॉट्सअॅप म्हणतं एसेमेस. संपेपर्यंत दिसेल की जवळजवळ सगळे बाण एकाच गोलातून सुटलेत, तो स्वस्तातला का असेना पण फोन, त्यातलं सिमकार्ड. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, मागच्या दाराने सगळं त्या सिमवरून उघडतं.

आता हिरवा पेन घ्या. लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या काही संशोधकांनी २०१० मध्ये असंच केलं, झाडात हल्ल्याच्या लाल गोलांबरोबर बचावाचे हिरवे चौकोन काढायला सुरुवात केली, आणि त्या हिरव्यावर परत लाल, म्हणजे बचाव कसा मोडता येईल तेही. तुमच्या सिमला हिरवा चौकोन : सिमचा पिन चालू करा, म्हणजे चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तर पिन मागेल. त्यावर लाल : पण कुणी तुमच्या नावाने दुकानातून डुप्लिकेट सिमच काढलं तर? तिथं सिमचा पिन कामाचा नाही. त्यावर हिरवा : फोनची रेंज अचानक गेली आणि शेजाऱ्याची त्याच कंपनीची आहे, तर वाट न बघता दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि मोबाइल कंपनीला फोन. दुसरा हिरवा, फोन लॉक असताना मेसेज स्क्रीनवर दिसतो तो बंद करा, नाहीतर टेबलावर पडलेल्या फोनवरचा ओटीपी चहा द्यायला आलेल्या माणसालाही वाचता येतो. तिसरा, व्हॉट्सअॅपला सहा आकडी पिन लावा, मग नुसत्या एसेमेसवर ते उघडणार नाही. आणि ईमेलच्या रिकव्हरीला मुलीचा नंबर दिला असेल तर तो बाणही कागदावर काढा बरं का, न्यू जर्सीवरून येणारा, कारण तिचा फोन हरवला तर दार तुमचंही उघडतं.

प्रश्न : आम्ही टीममध्ये बसून आमच्या सिस्टिमचं अटॅक ट्री काढलं, फार मस्त झालं. आता ते ठेवायचं कुठं?

हे कुणी विचारतच नाही, म्हणून तुमचं विशेष कौतुक. एका ऑफिसात मी दिवसभर बसून पोरांबरोबर असं झाड काढून घेतलं होतं, व्हाइटबोर्ड पूर्ण भरला, सगळ्यात स्वस्त वाट लाल मार्करने ठसठशीत केली. संध्याकाळी निघताना बघते तर एकाने बोर्डाचा फोटो काढून ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला, खाली लिहिलेलं 'ग्रेट सेशन', आणि त्या ग्रुपमध्ये मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेले दोघं अजून होते. त्यातल्या एकाने अंगठा पाठवला होता.